बुरशी अंगात गेल्यावर रूप का बदलते? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमधे काम करते आणि आठवड्यातून दोन दिवस डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) मुलांना शिकवते, त्यामुळे हे प्रश्न दोन्हीकडून येतात. पेशंटचे नातेवाईक रिपोर्ट पुढे करून विचारतात आणि पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री मेसेज टाकून विचारतात. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. जास्त भर कॅन्डिडा नावाच्या बुरशीवर आहे कारण आमच्या टेबलावर रोज तीच येते.

रिपोर्टवर "बडिंग यीस्ट सेल्स विथ स्यूडोहायफी" असं आलंय. खूप वाढलंय का?

रिपोर्टमधे फक्त काय दिसलं ते लिहिलेलं असतं, किती गंभीर ते नाही. बडिंग यीस्ट म्हणजे गोल पेशी आणि तिला बाजूने चिकटलेली छोटी पेशी, मोठ्या साबुदाण्याला लहान साबुदाणा चिकटावा तशी. स्यूडोहायफी म्हणजे लांबट पेशींची माळ, बाभळीची शेंग आठवा, दर बी झाली की आवळलेली असते ना, तशी. खरा हायफा म्हणजे खरा धागा, तो मात्र सरळ नळीसारखा, कुठेही आवळलेला नसतो.

तोंडात, आतड्यात, योनिमार्गात कॅन्डिडा चांगल्या धडधाकट माणसांच्यातही असते, त्यामुळे नुसत्या गोल पेशी दिसल्या म्हणून आजार म्हणत नाहीत. धागे दिसले की बुरशी तिथे नुसती बसलेली नसून वाढतेय असा संशय बळावतो. पण खाज, पांढरं जाणं, तोंडात पांढरा थर, ताप, शुगर, कॅथेटर हे सगळं बघून डॉक्टरच ठरवणार, लॅबवाल्यांना काउंटरवर पकडून उपयोग नाही.

रूप बदलते म्हणजे म्युटेशन होतं का?

नाही. डीएनए तोच राहतो, फक्त त्यातली कुठली पानं उघडायची ते बदलतं. पावाच्या पिठात घालतो ते यीस्ट आणि शिळ्या पावावर उगवते ती लोकर, दोन्ही बुरशीच, पण बहुतेक जाती यातलं एकच रूप धरून राहतात. आजार करणाऱ्या काही जातींना मात्र दोन्ही जमतं आणि परिस्थिती बदलली की त्या परत पहिल्या रूपात जाऊ शकतात. पुस्तकात याला द्विरूपता म्हणतात, लॅबमधे सगळे डायमॉर्फिझमच म्हणतात.

पण तिला बदलायची गरज काय पडते?

बुरशीला पाय नाहीत, हा मुद्दा डोक्यात ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं. आहे तिथलं अन्न संपलं, गरम झालं, रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी गिळलं, आंबटपणा बदलला, लोह मिळेनासं झालं, तर ती उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही, तिच्या हातात एकच गोष्ट आहे, वाढायची पद्धत बदलणं. गोल पेशी रक्तातून, थुंकीतून वाहून जायला सोयीची आणि धागा भिंत फोडून आत घुसायला किंवा अडकलेल्या जागेतून बाहेर पडायला सोयीचा. लोक म्हणतात बुरशी आपल्याला आजारी पाडायला रूप बदलते, मला हे वाक्यच पटत नाही. ती स्वतःची अडचण सोडवत असते, आपण मधे सापडतो.

अंगात आलोय हे तिला कळतं कसं? डोकं थोडंच आहे

डोकं नाही पण कान भरपूर आहेत. कॅन्डिडातल्या अल्बिकन्स या जातीचं सांगते, बाकीच्यांचं थोडं वेगळं असतं.

पहिलं म्हणजे उष्णता, आणि हे प्रकरण मला सगळ्यात आवडतं. पेशीत एचएसपी-९० नावाचं प्रोटीन असतं. त्याचं रोजचं काम म्हणजे बाकीच्या प्रोटीनना नीट घडी घालायला मदत करणं. पण त्याच वेळी ते धागा करायच्या सिग्नलला दाबूनही धरतं. आता लग्नघर डोळ्यासमोर आणा. दारावर एक काका उभे आहेत, आलतूफालतू कोणाला आत सोडत नाहीत. तेवढ्यात आत पंगतीत गोंधळ होतो, वाढपी कमी पडतात, काका धावत आत जातात वाढायला, आणि दार उघडं. तापमान वाढलं की पेशीतली बरीच प्रोटीनं विस्कटायला लागतात, एचएसपी-९० त्यांना सावरण्यात गुंततं आणि सिग्नलवरचा हात सुटतो. २००९ मधे हे दाखवलं गेलं, त्यात एचएसपी-९० ला औषधाने अडवलं तर ३० अंशालाच, म्हणजे काहीही ताप न देता, पेशी धागे काढायला लागल्या. म्हणजे काकांना मुद्दाम दारावरून बोलावून घेतलं तरी दार उघडंच.

दुसरं कार्बन डायऑक्साइड. हवेत तो ०.०४ टक्के आणि आपल्या शरीरात पाच टक्क्यांच्या आसपास, हा फरक बुरशीला कळला नाही तरच नवल. त्यापासून बनलेलं बायकार्बोनेट पेशीतल्या अ‍ॅडेनिलिल सायक्लेज एन्झाइमला थेट चालू करतं, त्यातून सायक्लिक एएमपी बनतं, ते पुढे पीकेए नावाच्या कायनेजला (दुसऱ्या प्रोटीनना फॉस्फेट चिकटवून चालू-बंद करणारं एन्झाइम) उठवतं, आणि शेवटी ईएफजी-१ नावाचा फॅक्टर धाग्याची जीन्स चालू करतो. पोरांनो, परीक्षेत विचारलं तर हीच साखळी लिहा, रास-१ ला विसरू नका, तो सायक्लेजच्या आधी येतो.

तिसरं पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट. चारच्या आसपास असेल तर गोल, सातच्या आसपास गेला की धागा, आणि हे रिम-१०१ नावाच्या वेगळ्या वाटेने कळतं. उपासमार झाली की अजून एक वाट आहे, मॅप कायनेजची, तिच्या टोकाला सीपीएच-१ बसलेला असतो. १९९७ मधे ईएफजी-१ आणि सीपीएच-१ दोन्ही काढून टाकलेली कॅन्डिडा बनवली, ती सीरममधेसुद्धा (रक्त गोठल्यावर वर उरतं ते पिवळसर पाणी) धागा काढेना आणि उंदरांना मारूही शकली नाही.

आणि हे सगळे अ‍ॅक्सिलरेटर झाले, ब्रेक पण आहे. एनआरजी-१ आणि टप-१ हे दोघं मिळून धाग्याची जीन्स एरवी बंद ठेवतात. नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून भागत नाही, ब्रेकवरचा पायही निघावा लागतो.

लॅबमधे हे प्रत्यक्ष बघता येतं का?

येतं की, आणि दोन-तीन तासात. जर्म ट्यूब टेस्ट म्हणतात, १९५६ पासून वापरात आहे, एवढी स्वस्त आणि मस्त टेस्ट दुसरी नाही. छोट्या ट्यूबमधे अर्धा मिली सीरम घ्यायचं, प्लेटवर वाढलेल्या बुरशीच्या ठिपक्याला, म्हणजे कॉलनीला, लूप (तारेचं छोटं कडं) नुसता टेकवायचा आणि सीरममधे हलवायचा, ३७ अंशाला ठेवून द्यायचं. दोन तासांनी एक थेंब स्लाइडवर, वर कव्हर स्लिप, चाळीसच्या लेन्सखाली बघा. मटकीला मोड यावा तसा गोल पेशीला मोड आलेला दिसतो, मोड जिथून फुटतो तिथे आवळलेलं नसेल तर पॉझिटिव्ह, बहुतेक वेळा अल्बिकन्स.

यात मी एकदा सॉलिड तोंडघशी पडलेय. नवीन होते, ट्यूबा ठेवल्या आणि दुसऱ्याच कामात अडकले, मग वडापाव, मग चहा, आले तेव्हा पाच तास झाले होते. स्लाइड बघितली, सगळ्यांना लांब लांब मोड, खुशीत सगळ्यांवर अल्बिकन्स लिहिलं. आमच्या मॅडमनी एक स्लाइड परत लावली, मला बोलावलं आणि काहीच न बोलता पॉइंटर मोडाच्या मुळाशी नेऊन ठेवला. तिथे आवळलेलं होतं, स्पष्ट. ती ट्रॉपिकॅलिस, म्हणजे कॅन्डिडाचीच दुसरी जात होती, तिला जास्त वेळ दिला की ती पण लांबट पेशी काढते आणि आपल्याला मोड वाटतो. तेव्हापासून तीन तासांचा अलार्म लावल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही.

मॅम, मी कॉलनी भरपूर घेतली होती तरी निगेटिव्ह आली, असं कसं?

भरपूर घेतली म्हणूनच आली. कॅन्डिडाच्या पेशी फार्नेसॉल नावाचा पदार्थ बाहेर सोडत असतात. पेशी विरळ असतील तर तो पातळ होऊन जातो, दाटी झाली की साचतो आणि मोड यायलाच अडवतो. थोडक्यात गर्दी झालीय, आता कोणी पसरू नका असा निरोप. बॅक्टेरिया असे निरोप देतात हे माहीत होतं, बुरशीतलं हे उदाहरण २००१ मधे आलं. म्हणून लूप टेकवायचा, खरवडायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय पण कोण ऐकतंय.

म्हणजे धागा झाला की आजार, गोल असेल तर निर्धास्त, असं समजायचं का?

बरंचसं हो, पण पूर्ण नाही.

हो का ते आधी. २००३ मधला एक प्रयोग आहे, त्यात कॅन्डिडाचा तो एनआरजी-१ ब्रेक असा बसवला की उंदराच्या पिण्याच्या पाण्यात डॉक्सिसायक्लीन टाकलं तर ब्रेक सुटतो, नाही टाकलं तर दाबलेला राहतो. दोन्ही गटांना तीच बुरशी रक्तात टोचली. साधं पाणी प्यायलेल्या उंदरांच्या अंगात बुरशी गोल रूपातच राहिली, किडनीबिडनीत सगळीकडे पोचली, संख्येनेही कमी नव्हती, तरी उंदीर जगले. डॉक्सीचं पाणी प्यायलेले मेले. मग जगलेल्यांना नंतर डॉक्सी दिलं तर त्यांच्यातही धागे झाले आणि त्यांचंही तेच झालं. म्हणजे पोचायला गोल रूप पुरतं, मारायला धागा लागतो.

धागा नक्की करतो काय याचं मोठं उत्तर २०१६ मधे मिळालं. धाग्याच्या रूपात असताना कॅन्डिडा कॅन्डिडालायसिन नावाचं ३१ अमिनो आम्लांचं छोटं विष सोडते आणि ते आपल्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. आणि पांढऱ्या पेशीने गिळलं तर तिचं आतलं खेळणं अजूनच भारी आहे. आत साखर नसते, म्हणून ती अमिनो आम्लं खाते, त्यातून अमोनिया बाहेर पडतो, आजूबाजूचा आंबटपणा मरतो, पीएच वर चढतो, आणि पीएच चढला की धागा, मग धागा त्या पांढऱ्या पेशीला आतून फोडून बाहेर. अडचणीत सापडली आणि अडचणीलाच इंधन केलं.

आता पूर्ण नाही का ते. आतड्यात शांतपणे राहायचं असेल तर धाग्याचा प्रोग्राम कॅन्डिडाला उलट नडतो, ईएफजी-१ काढून टाकलेली बुरशी उंदराच्या आतड्यात जास्त चांगली तग धरते. आणि कॅन्डिडा ग्लॅब्राटा खरे धागे करतच नाही तरी आयसीयूत माणसं मारते, कॅन्डिडा ऑरिस पण बहुतेक वेळा गोलच सापडते. त्यामुळे गोल दिसतेय म्हणून हलक्यात घेऊ नका.

सगळ्याच बुरशा अंगात गेल्या की धागा होतात का?

इथेच सगळ्यांची परीक्षेत वाट लागते. कॅन्डिडा सोडली तर बऱ्याच द्विरूपी बुरशा बरोब्बर उलट्या आहेत, बाहेर मातीत धागा आणि अंगात गोल. हिस्टोप्लाझ्मा घ्या. वटवाघळांच्या गुहेत, पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत ती धाग्याच्या रूपात असते, तिचे बीजाणू श्वासातून आत जातात, ३७ अंश लागले की यीस्ट होतात आणि पांढऱ्या पेशींच्या पोटातच संसार मांडतात. आपल्याकडे पश्चिम बंगाल, गंगेचा पट्टा इकडून जास्त केसेस येतात. सॅम्युएल डार्लिंगने पनामात १९०५-०६ मधे ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याला तो बुरशी नसून प्रोटोझोआ वाटला होता. मातीतलं रूप बघितलंच नव्हतं तर कळणार कसं, १९३४ मधे कल्चर करून दोन्ही रूपं एकाचीच आहेत हे पक्कं झालं.

तिच्यात उष्णता ओळखून रूप बदलायला डीआरके-१ नावाचं कायनेज लागतं. २००६ मधे ते बंद पाडलं तर ३७ अंशालाही ती धागाच राहिली आणि उंदरांना आजारी पाडू शकली नाही. म्हणजे कॅन्डिडाला धागा होऊ दिला नाही तर ती नरम पडते आणि हिस्टोप्लाझ्माला गोल होऊ दिलं नाही तर ती. विष रूपात नाही, बदलता येण्यात आहे.

याच जातकुळीतली टॅलरोमायसिस मार्नेफी. १९५६ मधे व्हिएतनाममधल्या बांबूवरच्या उंदरात सापडली, आपल्याकडे मणिपूरमधे आढळते. फ्रान्सच्या गॅब्रिएल सेग्रेतें यांनी १९५९ मधे तिचं वर्णन केलं आणि काम करता करता स्वतःच्याच बोटात सुई टोचून घेतली, तिथे गाठ आली, माणसातला पहिला संसर्ग तोच. वाचले ते. सुई हाताळताना बेफिकीर असलेल्या पोरांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते.

पाठीवर शिबं आलंय, ते पण यातलंच का?

अगदी यातलंच. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट सगळ्यांच्या त्वचेवर असतं, तेल खातं, गप्प असतं. घाम, दमटपणा, तेलकट त्वचा असं जमून आलं की धागे काढतं आणि पांढरट-तपकिरी चट्टे पडतात, मुंबई-कोकणात मे-जूनमधे बघा किती येतात. खरवडून केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) थेंबात बघितलं की आखूड धागे आणि गोल पेशींचे घोस एकत्र दिसतात. इंग्रजी पुस्तकात याला कसल्या तरी इटालियन जेवणाची उपमा दिलीय, मी वर्गात शेवयांच्या खिरीत साबुदाणा पडलाय असं सांगते, कोणी विसरत नाही.

आणि नायटा, गजकर्ण?

नाही. तिथे धागेच असतात, रूप बदलण्याची भानगड नाही. मेडिकलमधून स्टेरॉइडवाली ट्यूब आणून चोपडू नका, एवढंच.

२०२१ मधे ब्लॅक फंगसने पण रूप बदललं होतं का?

नाही, आणि हा गैरसमज खूप पसरला होता. म्युकरमायकोसिस बहुतेक वेळा ऱ्हायझोपस नावाच्या बुरशीमुळे होतो आणि ती आपल्या अंगात धागाच असते. बदलली होती आपली अंगं, वाढलेली शुगर, कोविडमधे दिलेली स्टेरॉइडं, कीटोअ‍ॅसिडोसिसमधे रक्तातलं लोह मोकळं होणं, हे सगळं तिच्या पथ्यावर पडलं. महाराष्ट्राने तेव्हा किती डोळे आणि जबडे गमावले ते आम्ही लॅबमधून बघितलंय, त्यावर जास्त लिहवत नाही. आणि काळा रंग बुरशीचा नसतो, ती रक्तवाहिन्या बुजवते आणि मेलेलं मांस काळं पडतं. तिच्याच नात्यातल्या म्युकरला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त दिला तर ती यीस्टसारखी गोल वाढते, हे पाश्चरच्या काळापासून माहीत आहे, पण तो वेगळा विषय.

कबुतरांच्या विष्ठेतून बुरशी होते म्हणतात ती कुठली?

क्रिप्टोकॉकस. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मधे एवढं रण पेटलं त्यात हिचंही नाव आलं, तरी कबुतरांमुळे होणारा फुप्फुसाचा अ‍ॅलर्जीचा आजार वेगळा, दोन्हीची गल्लत नको. ही धागा करत नाही अंगात, हिची युक्ती निराळी, ही जाड होते. सुकलेल्या विष्ठेत बारीक असते, फुप्फुसात गेली, कार्बन डायऑक्साइड वाढला, लोह कमी पडलं की भोवती जाडजूड कॅप्सूल चढवते. काही पेशी तर राक्षसासारख्या फुगतात, नेहमीच्या पाच-सात मायक्रॉनच्या असतात त्या दहाच्या वर, कधी कधी शंभरपर्यंत, त्यांना टायटन पेशी म्हणतात. एवढी मोठी पेशी पांढरी पेशी गिळणार कशी, तिच्या तोंडात मावायला तर पाहिजे. मेंदूज्वराच्या पेशंटचं पाठीतलं पाणी इंडिया इंक या काळ्या शाईत बघितलं तर काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती पांढरं वलय दिसतं, अमावस्येला दिवे लावल्यासारखं. एचआयव्ही असेल तर ही स्लाइड घाईने बघायची नाही.

आम्ही शेतकरी, आम्हाला याचा काय उपयोग?

भातावरचा करपा. त्या बुरशीचा बीजाणू पानावर पडतो, तिथे कडक गुळगुळीत पृष्ठभाग आणि खायला काही नाही, हाच तिचा इशारा. ती छोटी नळी काढते, टोकाला घुमट बांधते, त्याला आतून मेलॅनिनचं अस्तर लावते, आत ग्लिसरॉल साठवून पाणी ओढते आणि दाब वाढवत नेते, साधारण ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे गाडीच्या टायरच्या पस्तीस-चाळीस पट, आणि त्या दाबाने पान भोसकते. तुम्ही फवारता ते ट्रायसायक्लाझोल बुरशीला थेट मारत नाही, मेलॅनिन बनू देत नाही. अस्तर नाही तर दाब टिकत नाही, दाब नाही तर पान फुटत नाही. म्हणूनच ते रोग दिसायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला मारायला सांगतात, बुरशी आत शिरल्यावर मारून पैसे वाया.

मग माणसांसाठी पण रूपच बदलू न देणारं औषध का नाही काढत?

प्रयत्न चालू आहेत, बाजारात अजून नाही. अडचण अशी की बुरशी आपल्या बऱ्यापैकी जवळच्या नात्यातली आहे, एचएसपी-९० तिच्यात आहे तसं आपल्यातही आहे, तिचं अडवायला गेलं की आपलंही अडतं. कॅल्सिन्यूरिन नावाच्या एन्झाइमचंही तेच, त्याला अडवणारं टॅक्रोलिमस किडनी ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबायलाच देतात, म्हणजे बुरशीला अडवताना पेशंटलाच उघडं पाडायचं. आणि वर सांगितलं तसं कुठल्या बुरशीचा धागा थांबवायचा आणि कुठलीचा गोळा, हे आधी ओळखावं लागणार. मला विचाराल तर कॅथेटरवर जमणारा थर रोखायला असलं औषध आधी येईल, कारण त्या थराचा सांगाडा कॅन्डिडाचे धागेच असतात.

दही खाल्लं तर कॅन्डिडा गोल राहते का?

लॅबच्या ट्यूबमधे लॅक्टिक आम्ल धागे अडवतं, खरंय. तुमच्या वाटीतलं दही तिथपर्यंत आम्ल पोचवत नाही. खा, छान असतं, पण इलाज म्हणून नको.

मुलगा अ‍ॅरिझोनात असतो, आई-बाबा तिकडे राहून आले आणि आता खोकला-ताप जात नाही. इथल्या लॅबला सांगावं का?

जरूर सांगा, फॉर्मवर ठळक लिहा. तिकडच्या आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस असते, तिकडे व्हॅली फीव्हर म्हणतात. धुळीतून आत जाते आणि फुप्फुसातली उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की मोठा गोळा होतो, आत शेकडो बारीक पेशी भरलेला, डाळिंबासारखा. गोळा फुटला की दाणे पसरतात. त्या रूपात ती खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे आजी-आजोबांपासून नातवंडांना लांब ठेवायची गरज नाही.

धोका आम्हाला असतो. तोच नमुना आम्ही प्लेटवर लावला की बुरशी परत मातीतल्या रूपात येते, पांढरी लोकर होते, आणि प्लेटचं झाकण उघडलं की तिचे सुटे तुकडे थेट नाकात. त्यामुळे अ‍ॅरिझोनाहून आले असं कोणी लिहिलं असेल तर आम्ही ती प्लेट टेप लावून बंद ठेवतो आणि सेफ्टी कॅबिनेटमधेच उघडतो, नाही लिहिलं तर एखादी नवीन पोरगी टेबलावरच उघडून बघेल.